तेरेखोलच्या खाडीकाठी

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, केरी नावाचे गाव आहे. तेथे रस्ता संपतो आणि पाणी सुरू होते. हे पाणी तेरेखोल नदीचे. सह्याद्रीत उगम पावून, सावंतवाडी-बांद्याकडचा मुलूख ओलांडून ही नदी येथे अरबी समुद्राच्या स्वाधीन होते. पलीकडच्या तीरावर एका खडकाळ टेकाडाच्या माथ्यावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. किल्ल्याच्या पाठीमागून चालू लागले म्हणजे थोड्याच वेळात महाराष्ट्रातील रेडी गावची हद्द लागते. पण हा एवढासा तुकडा मात्र गोव्याचा. गोव्याचा असून गोव्यापासून नदीने तोडलेला, आणि महाराष्ट्राला चिकटून असूनही महाराष्ट्राचा नसलेला!

सप्टेंबर महिन्यातील एका सकाळी आम्ही केरीच्या धक्क्यावर पोहोचलो, आणि आमच्या डोळ्यांदेखत फेरीबोट सुटली. समोर किल्ल्याची भिंत इतकी स्वच्छ दिसत होती की हाक मारली तर ओ यावी. पण बोट चुकली की हेच हाकेचे अंतर घटकाभराचे होते, आणि वाहनाने किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून वळसा घालून यावे तर ते कित्येक कोसांचे होते. तेव्हा मनात आले की अंतर केवळ काठीने मोजून कळत नाही. दोन ठिकाणची माणसे प्रवासात एकमेकांपासून किती वेळा दुरावतात, हेही एक माप आहे. रेडी आणि तेरेखोल येथील दोन सोबती एकत्र निघाले तर क्वचितच ताटातूट होईल. केरी आणि तेरेखोल येथील सोबत्यांची मात्र प्रत्येक बोटीगणिक होऊ शकेल. ह्या साध्या विचाराचा त्याच दिवशी पुढे आम्हाला फार उपयोग होणार होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

खाजनातील प्रश्न

धक्क्याजवळच्या कट्ट्यावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. पायांना ओला चिखल, हातात विळा. आम्ही शेजारी टेकलो. पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. आम्ही अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, हे कळल्यावर ते आम्हाला ‘मास्तर’ म्हणू लागले, आणि आम्ही त्यांना ‘काका’. त्यांची शेती खाजनाची होती.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली सखल जमीन. तेरेखोल आणि शापोरा ह्या पेडण्याच्या दोन्ही नद्यांच्या काठी अशी जमीन आढळते. बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांचे दरवाजे असतात. त्यांना मानस म्हणतात. भरती चढू लागली की पाण्याच्या रेट्याने झडप आपोआप मिटते, आणि ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. मृगाचा पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढतो, आणि मग तेथे भात पेरतात. तरीही मिठाचा अंश उरतोच. कधी बांध फुटतो, कधी पाऊस ओढ धरतो, आणि शेतात खारे पाणी उभे राहते. अशा जमिनीत तग धरणारे जुने भात म्हणजे कोरगूट.

काकांच्या शेताचा बांध मागे एकदा फुटला होता. तो पुन्हा घालावयास माणसे मिळेनात. मुले म्हणत होती की आता हे खाजन सोडून द्यावे. काकांनी सोडले नव्हते. घरात मुडी बांधून कोरगुटाचे बियाणे त्यांनी जपून ठेवले होते. समोरच्या पाण्याकडे पाहत ते म्हणाले, “हंय दुसरा भात टिकणा नाय, मास्तर. कोरगूट टिकता. पण वारो इलो काय आडवा पडता. उंच वाढता, आणि दाणो कमी देता.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “देवान एक गुण दिलो, तो खोडीक बांधूनच दिलो काय?”

बोट आली. काका कोणाची तरी वाट पाहत तेथेच थांबले. “परतताना भेटू,” असे म्हणून आम्ही चढलो. प्रश्न मात्र आमच्याबरोबर पलीकडच्या तीरास आला.

किल्ल्यावर

तेरेखोलचा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला. नदीच्या मुखावर नजर ठेवावी, येणारी-जाणारी गलबते दिसावीत, हा त्याचा हेतू. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा, ज्याला पुढे आलोर्नाचा मार्क्विस म्हणत, ह्याने तो जिंकला. तेव्हापासून 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत तो पोर्तुगिजांकडेच होता. दरम्यान 1954 च्या 15 ऑगस्ट रोजी आल्फ्रेड आफोंसो ह्यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींनी येथे येऊन तिरंगा फडकविला होता. ज्या भिंती बाहेरच्यांना अडविण्यासाठी बांधल्या, त्यांच्या आत निःशस्त्र माणसे केवळ एक ध्वज घेऊन शिरली, ह्याचे स्मरण तेथे उभे राहिल्यावर झाल्यावाचून राहत नाही.

किल्ल्याच्या अंगणात संत अंतोनीचे छोटे, शुभ्र चर्च आहे. ते रोज उघडे नसते. मे महिन्यातील सणासारख्या प्रसंगी उघडते. आम्ही बंद दारापुढेच गुडघे टेकले. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून आपल्या आया-आज्या ज्या संताला साकडे घालीत आल्या, तो हा संत. प्रार्थना आटोपून आम्ही समुद्राकडील कठड्याशी जाऊन बसलो. खाली एका बाजूस केरीचा वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूस अथांग समुद्र, मध्ये नदीचे मुख. आणि मनात काकांचा प्रश्न. गुण आणि खोड एकत्र बांधलेले असतात काय? असल्यास, त्यांची गाठ सुटते काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत दोन धर्मगुरूंना मानाचे स्थान आहे, हे आपल्या वाचकांना कदाचित नवीन वाटेल.

मठाच्या बागेतील हिशेब

पहिले ग्रेगोर मेंडेल. 1822 साली आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. 1843 मध्ये ते ब्रनो शहरातील संत तोमासच्या अगस्तिनी मठात दाखल झाले आणि 1847 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. 1856 पासून सुमारे आठ वर्षे त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे संकर केले आणि प्रत्येक पिढीतील रोपे व दाणे मोजले. त्यांच्या एका प्रयोगातील आकडे पाहा. गोल-पिवळा दाणा आणि सुरकुतलेला-हिरवा दाणा ह्यांचा संकर करून दुसऱ्या पिढीत 556 दाणे मिळाले. त्यांत 315 गोल-पिवळे, 108 गोल-हिरवे, 101 सुरकुतलेले-पिवळे आणि 32 सुरकुतलेले-हिरवे होते. म्हणजे ढोबळपणे 9, 3, 3 आणि 1 असे प्रमाण. ह्याचा अर्थ असा की आकाराचा गुण आणि रंगाचा गुण एकमेकांना बांधलेले नव्हते. गोलपणा पिवळेपणाची साथ सोडून हिरवेपणाशी खुशाल संसार करू शकत होता.

मेंडेल ह्यांनी 1865 साली हा हिशेब विद्वानांपुढे वाचला. कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1868 मध्ये ते मठाधिपती झाले, 1884 मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या कामाचे मोल जगाला 1900 साली कळले.

काकांना एवढेच सांगितले असते तर ते म्हणाले असते, “मग कोरगुटाची खोड का सुटत नाही?” आणि खरोखरच, मेंडेल ह्यांचा नियम सर्वत्र लागू पडत नाही, हे लवकरच दिसून आले. 1905 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बेटसन, सॉंडर्स आणि पनेट ह्यांनी स्वीट पी नावाच्या फुलवेलीवर प्रयोग केले. जांभळे फूल व लांबट पराग ही एक जोडी. तांबडे फूल व गोल पराग ही दुसरी. दुसऱ्या पिढीत 6,952 झाडे मोजली. नियमाप्रमाणे जांभळे-गोल आणि तांबडे-लांबट अशी फुटलेल्या जोड्यांची झाडे प्रत्येकी सुमारे 1,303 निघावयास हवी होती. निघाली फक्त 390 आणि 393. आजोबांच्या वेळी एकत्र असलेले गुण नातवांतही बहुतेक एकत्रच राहिले. ह्या जोडीने राहण्याला शास्त्रात सहलग्नता म्हणतात. पण नीट पाहा: जोडी बहुतेक टिकली, सर्वत्र टिकली नाही. कोठेतरी, कशाने तरी, अधूनमधून ती फुटत होती.

दोन जपमाळा

ते ‘कोठेतरी’ म्हणजे कोठे, हे समजण्यासाठी पेशीच्या आत डोकवावे लागते. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे नावाचे बारीक धागे असतात. माणसात ती 46, म्हणजे 23 जोड्या. भातात 24, म्हणजे 12 जोड्या. जोडीतील एक सूत्र पित्याकडून, एक मातेकडून आलेले. आता पराग आणि बीजांड ह्यांतही चोवीसच सूत्रे गेली असती, तर पुढच्या पिढीत अठ्ठेचाळीस झाली असती, त्यापुढे शहाण्णव, आणि सृष्टीचा सगळा हिशेबच कोलमडला असता. म्हणून भात पोटरीत असताना, लोंबी अजून पानाच्या आवरणात दडलेली असताना, फुलाच्या आत एक विशेष विभाजन घडते. चोवीसांची बारा होतात. प्रत्येक जोडीतील एकच सूत्र पुढे जाते. ह्याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. निरनिराळ्या जोड्यांतील सूत्रे परस्परांना न विचारता वाटली जातात, म्हणून निरनिराळ्या सूत्रांवरील गुण मेंडेलच्या नियमाप्रमाणे मोकळे वावरतात.

परंतु वाटणीपूर्वी आणखी एक गोष्ट घडते. एक गुणसूत्र म्हणजे एक जपमाळ, असे समजा. मात्र ती वर्तुळासारखी जोडलेली नाही, सरळ ताणलेली आहे. तिचा एकेक मणी म्हणजे एकेक जनुक, गुणाचे बीज. जोडीतील दोन माळांत मण्यांचा क्रम तोच असतो, फक्त काही मण्यांचे रंग वेगळे. विभाजनाच्या आरंभी प्रत्येक माळेची एक प्रत तयार झालेली असते, आणि जोडीतील माळा अगदी अंगाला अंग लावून बिलगतात. अशा वेळी मातेकडील एक पदर आणि पित्याकडील एक पदर नेमक्या एकाच ठिकाणी तुटतात आणि एकमेकांच्या टोकांना सांधले जातात. अर्धी माळ हिची, अर्धी तिची.

हे दृश्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचा अर्थ लावणारे दुसरे धर्मगुरू म्हणजे बेल्जममधील लूव्हेन येथील कॅथलिक विद्यापीठाचे प्राध्यापक फादर फ्रान्स आल्फोन्स यान्सेन्स. सॅलॅमॅंडर नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पेशींत त्यांना जोडीतील सूत्रे फुलीसारखी एकमेकांवर पडलेली दिसली. ह्या फुलीपाशी सूत्रांची मोडतोड होऊन पुन्हा जोडणी होते, असे त्यांनी 1909 साली मांडले. पुष्कळांना ते पटले नाही. पण अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन पिकल्या केळ्यांवर वाढणाऱ्या बारीक फळमाश्यांचे संकर करीत होते. फुटलेल्या जोड्यांचे कोडे त्यांनाही पडले होते, आणि फादर यान्सेन्स ह्यांच्या फुलीत त्यांना त्याची किल्ली सापडली. माळेवर दोन मणी जितके जवळ, तितका त्यांच्या मधोमध तुटण्याचा संभव कमी. जितके दूर, तितका अधिक.

केरीच्या धक्क्यावर आमच्या मनात आलेला विचार हाच नव्हे काय? अंतर डोळ्यांना दिसत नसेल, तर ताटातुटी मोजाव्या.

एका रात्रीचा नकाशा

1911 साली मॉर्गन ह्यांच्या हाताखाली शिकणारा आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा विशीच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी ह्या विचाराने झपाटला. नेहमीचा अभ्यास बाजूस सारून त्याने रात्रीचा बहुतेक वेळ माश्यांच्या मोजणीच्या वह्यांत घालविला, आणि पहाटेपर्यंत जगातील पहिला जनुकनकाशा तयार केला. तो 1913 मध्ये छापला गेला.

त्याची युक्ती कोणालाही समजेल अशी आहे. समजा, क, ख आणि ग असे तीन गुण आहेत. शंभर संततींत क-ख ही जोडी 5 वेळा फुटते, ख-ग ही 8 वेळा, आणि क-ग ही जवळजवळ 13 वेळा. पाच अधिक आठ म्हणजे तेरा. तेव्हा ख मध्ये असलाच पाहिजे! रस्त्यावरची तीन गावे परस्परांपासून किती कोसांवर आहेत हे कळले की मधले गाव कोणते, हे कळते, तसेच हे. स्टर्टेव्हंटने ह्या रीतीने एका सूत्रावर पिवळे अंग 0, पांढरे डोळे 1.0, शेंदरी डोळे 30.7, खुजे पंख 33.7 आणि खुरटे पंख 57.6 अशी स्थाने दिली. कोणीही न पाहिलेल्या मण्यांचा क्रम त्याने केवळ बेरीज-वजाबाकीने लावला. शंभरांत एक फुटणे हे ह्या नकाशाचे माप. मॉर्गन ह्यांच्या नावावरून त्यास सेंटीमॉर्गन म्हणतात. हे नाव सुचविणारे जे. बी. एस. हॉल्डेन पुढे 1957 साली भारतात येऊन राहिले आणि 1964 साली भुवनेश्वर येथे वारले.

हा नकाशा कल्पनेचा खेळ नव्हे, ह्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा 1931 मध्ये मिळाला. हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या दोन स्त्रियांनी मक्याचे असे एक गुणसूत्र निवडले की ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला जास्तीचा तुकडा. दाण्यांतील गुणांची जोडी फुटली, तेथे सूत्रावरील ह्या दोन खुणांचीही फारकत झालेली त्यांना दिसली. गुणांची अदलाबदल म्हणजे सूत्रांच्या तुकड्यांचीच अदलाबदल, हे सिद्ध झाले.

मात्र ह्या नकाशाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन मणी फारच दूर असले तर मध्ये एकाऐवजी दोनदा तोडजोड होऊन जोडी पुन्हा जुळून येते. शिवाय चार पदरांपैकी एका वेळी दोनच पदर भाग घेतात. त्यामुळे जोडी फुटण्याचे प्रमाण शेकडा 50 च्या वर जात नाही. लांबचे नकाशे जवळजवळच्या टप्प्यांची बेरीज करून काढावे लागतात. तसेच सूत्रावर काही ठिकाणी अदलाबदल वारंवार होते, तर सूत्राच्या कंबरेजवळ ती फार क्वचित घडते. म्हणून नकाशावरील अंतर आणि प्रत्यक्ष लांबी ह्यांत तफावत पडते. केरीहून तेरेखोल हाकेच्या अंतरावर, पण मध्ये खाडी. रेडीची वाट चालत जाण्याची, पण मध्ये अडथळा नाही. क्रम मात्र चुकत नाही, आणि क्रम कळणे ही मोठी गोष्ट आहे.

कोरगूट आणि त्याचे भाऊबंद

आता पुन्हा भाताकडे वळू. भाताचा पहिला रेण्वीय नकाशा 1988 साली प्रसिद्ध झाला. त्यात रंग-उंचीसारख्या उघड गुणांऐवजी सूत्रावरच्या सूक्ष्म रासायनिक खुणा मैलाच्या दगडांसारख्या वापरल्या होत्या. पुढे अनेक देशांनी, त्यांत आपल्या देशानेही, मिळून भाताची बाराही सूत्रे अथपासून इतिपर्यंत वाचून काढली, आणि 2005 साली तो ग्रंथ पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला. नकाशा आधीच हाती होता, म्हणूनच वाचलेल्या तुकड्यांचा क्रम लावता आला.

ह्याच नकाशावर खारेपणा सोसण्याचे स्थानही सापडले. केरळच्या खाऱ्या शेतांत पोक्काळी नावाचे भात पिकते. आपल्या कोरगुटाचा तो दूरचा भाऊबंदच म्हणावा. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोक्काळीचा संकर मीठ न सोसणाऱ्या भाताशी केला गेला. संततीत कोणती रोपे मिठात तगली आणि त्यांच्याबरोबर कोणते मैलाचे दगड आले, हे ताडून पाहता पहिल्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एक महत्त्वाची जागा मिळाली. तिला ‘सॉल्टॉल’ हे नाव पडले. 2005 साली चिनी शास्त्रज्ञांनी बंगालच्या नोना बोक्रा ह्या खाऱ्या जमिनीतील भाताच्या संकरातून ह्याच सूत्रावरील एका जनुकाचे कार्यही उलगडले. मुळांतून वर चढणाऱ्या रसातील सोडियम ते परत काढून घेते आणि पानांपर्यंत पोहोचू देत नाही. वाचकहो, हे तर खाजनाच्या बांधातील मानसच! पूर्वजांनी बांधात जी झडप बसविली, तिच्यासारखीच झडप परमेश्वराने रोपाच्या मुळाशी फार पूर्वीच बसवून ठेवली होती.

आता काकांचा प्रश्न. भाताला ठेंगणे करणारे, म्हणजे वाऱ्यात न लोळू देणारे, एक प्रसिद्ध जनुक आहे. सबंध देशात पसरलेल्या ‘जया’सारख्या वाणांना त्यानेच ठेंगणेपण दिले. हे जनुकही पहिल्याच गुणसूत्रावर आहे. पण ते लांब भुजेवर, सॉल्टॉलपासून पुष्कळ दूर. म्हणजे जागा एकाच माळेवरच्या, परंतु मध्ये कितीतरी मणी. उंच पोक्काळीचा खारसोशीपणा आणि दुसऱ्या भाताचे ठेंगणेपण एका रोपात आणावयाचे तर मध्ये कोठेतरी अदलाबदल व्हावी लागते, आणि अंतर मोठे असल्यामुळे ती सहज होते. पोक्काळीचा तांदूळ लाल असतो. त्या लालीचे जनुक तर सातव्या गुणसूत्रावर, म्हणजे त्याची वाटणी अगदीच स्वतंत्र. खरी अडचण अगदी शेजारच्या मण्यांची. हव्या गुणाला बिलगून एखादी नको असलेली खोड बसली असेल, तर शेकडो, कधी हजारो रोपांत एखादेच असे निघते की ज्यात ती गाठ सुटलेली असते. पूर्वी ते रोप ओळखण्यासाठी पीक वाढवून, मिठात घालून, पाहत बसावे लागे. आता कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन मैलाचे दगड तपासले की कोणत्या रोपात माळ कोठे तुटली, हे कळते.

खारसोशीपणा एकाच जनुकाचा खेळ नाही, अनेकांचा आहे. म्हणून काम अवघड आहे. तरीही ते चालू आहे. जुने गोवे येथे, जेथे संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास आपण जातो त्याच परिसरात, केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तेथे कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान 1’ आणि ‘गोवा धान 2’ हे वाण तयार झाले. जया आणि कोरगूट ह्यांच्या संकरावरही तेथे काम झाले आहे. आपल्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रानेही असे वाण दिले आहेत. ह्या सर्वांना आधार कोणाचा? ज्यांनी खाजन सोडले नाही आणि मुडीतले बियाणे फेकले नाही, अशा शेतकऱ्यांचा. नकाशा कितीही अचूक असला तरी ज्या माळेतले मणीच नाहीसे झाले, ती माळ तो परत देऊ शकत नाही.

परतीची बोट

दुपार कलली तेव्हा आम्ही केरीच्या धक्क्यावर उतरलो. काका तेथेच होते. आम्ही म्हटले, “काका, गुण आणि खोड एका दोरीला ओवलेले असतात हे खरे. पण ती दोरी देवाने कायमची बांधलेली नाही. दर पिढीला, भात पोटरीत असताना, तो स्वतःच ती तोडतो आणि नव्याने सांधतो. गाठ सुटलेले रोप कोठेतरी निघतेच. ते शोधणारा धीराचा माणूस हवा, आणि शोधावयास बियाणे हवे.”

काकांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, “म्हणजे माझा बियाणा टाकूक नको?”

“टाकू नका. मुलांनी खाजन सोडले तरी बियाणे टाकू नका. जुन्या गोव्याच्या संस्थेतही त्यातले थोडे दाखवा.”

“दाखयतंय,” ते म्हणाले, आणि विळा उचलून बांधाच्या वाटेने निघाले. बांध पुन्हा उभा राहील की नाही, मुले ऐकतील की नाही, हे ते बोलले नाहीत, आणि विचारण्याचे धाडस आम्हालाही झाले नाही.

आपल्याकडे वसई-मुंबईच्या गावांत आगेऱ्याच्या दिवशी, आणि गोव्यात कणसांच्या फेस्ताला, आपण नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे नेतो. त्या लोंबीतल्या एकेका दाण्यात बारा जोड्यांची ती वाटणी, ती बिलगणी आणि ती अदलाबदल घडून गेलेली असते. यापुढे लोंबी आशीर्वादासाठी उचलताना दोन धर्मगुरूंची आठवण करावी: एक शेतकऱ्याचा मुलगा, ज्याने मठाच्या बागेत दाणे मोजले; दुसरा प्राध्यापक, ज्याला पेशीतल्या फुलीचा अर्थ उमगला. आणि आपल्याच गावात एखाद्या म्हाताऱ्याच्या घरी जुन्या भाताची मुडी असेल, तर तिची चौकशी करावी. हरवलेले शोधून देणारा संत आपला आहेच. पण हरविण्यापूर्वी जपणे हे आपल्या हातात आहे.